नर्सिंगचा कोर्स झाला, पण नोंदणी झाली का?

महाड-पोलादपूरच्या पालकांनी आणि ग्रामपंचायतींनी ध्यानात ठेवाव्यात अशा गोष्टी

शेतकरी बंधूंनो, भाताचं बियाणं घेताना आपण पिशवीची खूणचिठ्ठी बघतो. निळी चिठ्ठी म्हणजे प्रमाणित बियाणं, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. दुकानदाराकडे परवाना आहे का, पावती देतो का, हेही आपण विचारतो. कारण सरळ आहे. बियाणं खोटं निघालं तर हंगाम हातचा जातो.

मग घरात बाळंतीण असताना तिला सुई टोचणाऱ्या हाताची चिठ्ठी आपण बघतो का? आणि बारावी झालेल्या मुलीला नर्सिंगला घालताना, पैशाची जुळवाजुळव करताना, त्या संस्थेची चिठ्ठी कोणी बघतो का? बहुतेक जण बघत नाहीत. कारण अशी काही चिठ्ठी असते हेच पुष्कळांना माहीत नसतं. ती असते. तिचं नाव नोंदणी क्रमांक. तो देणारी संस्था म्हणजे मुंबईतली महाराष्ट्र परिचर्या परिषद, ज्याला लोक नर्सिंग कौन्सिल म्हणतात.

नोंदवही आली कुठून?

आपल्याकडे पूर्वी बाळंतपण सुईणीच्या हातचं. शिकलेली नर्स ही शहरातली गोष्ट होती, आणि त्या कामाकडे बघण्याची समाजाची नजरही काही चांगली नव्हती. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघालं. रमाबाई रानडे यांनी तिथे विधवा आणि गरजू बायकांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. अशा बायका शिकून बाहेर पडू लागल्या, तसा प्रश्न आला की खरी शिकलेली कोण आणि नुसती पांढरी साडी नेसलेली कोण, हे ओळखायचं कसं?

त्यासाठी मुंबई इलाख्यात १९३५ साली परिचारिका व सुईणींच्या नोंदणीचा कायदा झाला. पुढे १९४७ साली देशपातळीवर भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला आणि १९६६ साली महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आला. राज्याच्या परिषदेचं काम या १९६६ च्या कायद्याखाली उभं राहिलं. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा नवा कायदा केला. त्यानुसार परिषदांची जागा राष्ट्रीय आणि राज्य आयोगांनी घ्यायची आहे. पाटीवरचं नाव बदललं तरी नोंदवही राहणारच आहे. शेतकऱ्याला सातबारा, तशी नर्सला ही नोंद.

तीन वाटा, तीन अटी

मुलीला नर्सिंगला घालायचं म्हणजे नेमकं कशाला, हे आधी बघा.

पहिली वाट एएनएमची, म्हणजे सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका. कोर्स दोन वर्षांचा. पूर्वी तो दीड वर्षाचा होता आणि दहावीवर प्रवेश मिळे. आता बारावी लागते, पण शाखेची अट नाही. कला शाखेच्या मुलीलाही जाता येतं. हा कोर्स फक्त मुलींसाठी आहे. आपल्या उपकेंद्रातली नर्सबाई ती हीच.

दुसरी जीएनएम. ही तीन वर्षांची, मुलं-मुली दोघांनाही खुली. इस्पितळाच्या वॉर्डात काम करणारी अधिपरिचारिका बहुधा या वाटेने आलेली असते.

तिसरी बी.एस्सी. नर्सिंग. चार वर्षांची पदवी. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, आणि राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. एएनएम आणि जीएनएमची परीक्षा मात्र राज्याचं परिचर्या व निमवैद्यकीय शिक्षण मंडळ घेतं. त्याचा कायदा २०१३ चा.

परीक्षा पास झाली म्हणजे काम संपलं, असं नाही. गुणपत्रिका घेऊन परिषदेकडे अर्ज करायचा, कागदपत्रं तपासून घ्यायची, मग नाव नोंदवहीत चढतं आणि क्रमांक मिळतो. तोवर मुलगी शिकलेली असते, पण नर्स म्हणून कामाला लागायचा हक्क तिला नसतो. जिल्हा परिषदेच्या भरतीची जाहिरात वाचून बघा. आरोग्य सेविकेच्या पदाला परिषदेत नोंद असलेली किंवा नोंदीस पात्र असलेली उमेदवार लागते, असं तिथे स्पष्ट छापलेलं असतं.

फसगत होते ती इथे

तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडजवळ, एखाद्या इमारतीच्या माडीवर पाटी दिसते. सहा महिन्यांत नर्सिंग, नोकरीची हमी. दहावी नापासही चालेल. पाटीवर खोटं असेलच असं नाही. रुग्ण सहायकाचे, बेडसाइड असिस्टंटचे छोटे कोर्स असतात आणि त्यातले काही शासनमान्यही असतात. रुग्णाला उठवणं-बसवणं, अंग पुसणं, भरवणं, ही कामं शिकवतात. कामं मोलाची आहेत. पण त्यातून मुलगी नर्स होत नाही. त्या प्रमाणपत्रावर परिषद नोंद करत नाही. दहा वर्षं काम केलं तरी करत नाही.

हे पालकांना कळतं ते उशिरा. तोवर दागिने सोसायटीत गेलेले असतात किंवा मुंबईच्या चाकरमानी भावाकडून उसने घेतलेले पैसे भरून झालेले असतात. मुलगी मुंबईला एखाद्या छोट्या नर्सिंग होममध्ये लागते. तिला सिस्टर म्हणतात, रात्रपाळीत इंजेक्शनं द्यायला लावतात, आणि पगार आयाचा देतात. काही चुकलं तर मालक हात वर करतो. पोलिसांसमोर उभी राहते ती आपली पोरगी, आणि तिच्यामागे कुठलाही क्रमांक नसतो. नोंदणी रुग्णाला जपते, तशी ती नर्सलाही जपते, ती अशी.

म्हणून फी भरण्याआधी संस्थेला एवढं विचाराच:

१. हा एएनएम, जीएनएम की बी.एस्सी.? कोर्सचं पूर्ण नाव लेखी द्या.

२. शासनाची मंजुरी आणि परिषदेची मान्यता दाखवा. मान्यता या वर्षाची आहे का, आणि जागा किती?

३. परीक्षा कोण घेणार? एएनएम, जीएनएमला मंडळ आणि पदवीला आरोग्य विद्यापीठ, याखेरीज तिसरं नाव आलं तर तिथेच थांबा.

४. मुली प्रत्यक्ष शिकणार कुठल्या रुग्णालयात? जीएनएम आणि पदवीच्या संस्थेला साधारणपणे शंभर खाटांच्या रुग्णालयाची अट असते. प्रसूतीकक्ष न बघता कोणी प्रसाविका होत नाही.

५. शिष्यवृत्ती महाडीबीटीवर मिळते का? मान्यता नसलेल्या संस्थेचं नाव तिथे सापडायचं नाही.

एएनएम, जीएनएम टपालाने किंवा घरबसल्या होत नाही. तसं कोणी सांगितलं तर उठून बाहेर या. परराज्यातल्या कॉलेजात घालणार असाल, तर तिथून पास झाल्यावर महाराष्ट्रात नोंद होईल का, हे प्रवेशाआधी आपल्या परिषदेकडे विचारा. नंतर विचारून उपयोग नाही.

क्रमांक मिळाला, पुढे काय?

नोंदणी कायमची नसते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी मधल्या काळात प्रशिक्षणवर्गांना हजेरी लावावी लागते. औषधं बदलतात, पद्धती बदलतात, म्हणून ही अट. लग्नानंतर नाव बदललं तर नोंदवहीतही बदलून घ्यावं. राज्य बदललं तर इकडचं ना हरकत पत्र घेऊन तिकडे नोंद करावी लागते. देशपातळीवर आता प्रत्येक नोंदणीकृत नर्सला आधारशी जोडलेला एक वेगळा क्रमांकही देतात.

आणि गैरवर्तन सिद्ध झालं तर परिषद चौकशी करून नाव नोंदवहीतून काढू शकते. याचा अर्थ असा, की नोंद असलेल्या नर्सबद्दल तक्रार असेल तर ती ऐकायला एक जागा आहे. नोंद नसलेल्या माणसाबद्दल परिषदेकडे जाऊन काय सांगणार? तिच्या वहीत तो नाहीच.

नर्सबाईंनी काय करावं, काय करू नये

आता गावाच्या कामाची गोष्ट. डोंगरी भागात तीन हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र, असा सरकारी निकष आहे. सपाटीला तो पाच हजारांचा. पण पोलादपूरला तीन हजार माणसं एका गावठाणात कुठे राहतात? कुडपण, उमरठच्या बाजूला वाड्या डोंगराला चिकटून बसल्या आहेत. पावसात एका वाडीतून दुसरीत जायचं म्हणजे वहाळ ओलांडणं आलं. जुलै २०२१ मध्ये तळियेला दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली आणि महाड शहर पाण्याखाली गेलं. रस्ते तुटले की अलिबागचं जिल्हा रुग्णालय नकाशावरच राहतं. जवळ असते ती आरोग्य सेविका आणि आशाताई. म्हणूनच तिथे शिकलेला हात हवा.

हा हात काय करू शकतो? लसीकरण, गरोदर बाईची तपासणी, साधं बाळंतपण, तांबी बसवणं. याशिवाय केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे प्रशिक्षण घेतलेली एएनएम बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्याचं औषध देऊ शकते आणि गरोदरपणात झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस टोचून रुग्ण पुढे पाठवू शकते. पोलादपूरहून महाडला पोचेपर्यंत हा पहिला डोस जीव धरून ठेवतो.

पण मनाने प्रतिजैविकं लिहून देणं, ताप आला की सलाईन लावणं, हे तिचं काम नाही. आणि इथे बंधूंनो, थोडी आपलीही चूक असते. लावणीच्या दिवसांत अंग मोडून ताप येतो, दुसऱ्या दिवशी चिखलात उतरायचं असतं, म्हणून आपण म्हणतो, "बाई, एक सलाईन लावा, बरं वाटेल." बाईंनी नाही म्हटलं की रागावतो आणि पिशवी घेऊन फिरणाऱ्या कुणा तरी माणसाकडून घरी लावून घेतो. तो ताप लेप्टोचा असला तर सलाईनमध्ये दोन दिवस जातात आणि मूत्रपिंडावर येतं. नाही म्हणणारी नर्स ही शिकलेली नर्स. तिच्या नकाराला मान द्या.

शिकलेल्या हाताची किंमत महाडकरांना तरी वेगळी सांगायला नको. डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरचं काम सुरू केलं ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला असताना. प्राझोसिनच्या गोळीने मृत्यू किती कमी होतात हे त्यांनी दाखवलं आणि ते काम लॅन्सेटसारख्या नियतकालिकात छापून आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण ती गोळी दिली की रुग्णाला आडवं ठेवावं लागतं, नाडी आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा बघावा लागतो. रात्रभर उशाशी बसून हे बघतं कोण? नर्स. आकडा बघून घाबरायचं कधी आणि डॉक्टरांना उठवायचं कधी, हे ती ज्या शिक्षणातून शिकते, त्यावर परिषदेची नजर असते.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी

गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहेच. तिच्या सभेत एवढ्या गोष्टी घेता येतील:

• उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेचं नाव आणि भेटीचे वार फलकावर लावा. उपकेंद्राचं दार, पाणी, वीज बघा. एकटी बाई रात्री मुक्कामाला राहायची तर कडी धड हवी.

• बारावीच्या निकालानंतर पालकांची एक सभा घ्या. वरचे पाच प्रश्न तिथे वाचून दाखवा. आरोग्य सेविकेलाच बोलवा. ती स्वतः या वाटेने गेलेली असते.

• परवान्याशिवाय सुई टोचत फिरणारा माणूस गावात येत असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवा. नोंद नसताना वैद्यकी करणं हा १९६१ च्या राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. माहिती देणाऱ्याला गावाने पाठीशी घालावं.

• आशाताईला नर्सचं काम सांगू नका. आशा ही गाव आणि दवाखाना यांच्यातला दुवा आहे. तिची परिषदेत नोंद नसते आणि इंजेक्शन देणं तिच्या कामात येत नाही.

विन्हेरे, वरंध, पितळवाडीच्या बाजूच्या पुष्कळ मुलींना या कामात गती आहे. डोंगर चढायची सवय आहे, आजारी माणसाची किळस नाही, वाडीची बोली येते. अशी मुलगी रीतसर शिकून, नोंद करून आपल्याच तालुक्यात परत आली तर तिच्या घरी कायमचा पगार येईल आणि पावसात तुटणाऱ्या वाडीला हक्काची माणूस मिळेल. दोन्ही गोष्टी एका क्रमांकावर अवलंबून आहेत. फीची पहिली पावती फाडण्याआधी तो क्रमांक कोण देणार, एवढं विचारून घ्या.