गुलामाच्या हातातले हत्यार

दिवाळीनंतर लाखनीच्या आसपासच्या गावांत मंडई भरू लागली, की आमच्याकडे पाहुण्यांची वर्दळ सुरू होते आणि ओसरीवर पत्त्यांचा डाव पडतो. गेल्या खेपेस आठ वर्षांच्या नातवाने चौकटचा गुलाम उचलून विचारले, "आजोबा, हा गुलाम ना? मग याच्याजवळ हत्यार कसे?"

उभी हयात बँकेत नोटा मोजण्यात गेली. निवृत्तीनंतर जुने पत्ते जमवायचा नाद लागला. पण तिथेही माझे लक्ष बावन्न पाने जुळतात की नाही, याकडेच. गुलामाच्या हाताकडे मी कधी पाहिलेच नव्हते.

आपल्या बदाम-इस्पिकचा साचा मूळचा फ्रान्सचा. तिकडच्या पत्त्यांवर चित्राशेजारी नावे छापतात. किलवरचा राजा अलेक्झांडर, चौकटचा सीझर. आणि गुलाम? बदामचा गुलाम म्हणजे ला हीर, १४२९ साली ऑर्लेआँच्या वेढ्यात जोन ऑफ आर्कच्या बाजूने लढलेला सरदार. चौकटचा हेक्टर, ट्रॉयचा वीर. फ्रेंच माणूस या पानाला 'व्हाले' म्हणतो, म्हणजे सरदाराच्या पदरचा तरुण सेवक. त्याला गुलाम केले ते आपण!

राज्यक्रांतीच्या काळात तर फ्रान्समध्ये पत्त्यांतले राजेही पदच्युत झाले. १७९३-९४च्या सुमाराच्या एका प्रसिद्ध कॅटमध्ये राजांच्या जागी युद्ध, शांतता, कला आणि व्यापार यांच्या देवता आल्या. गुलामांच्या जागी 'समता' आली. त्यांतल्या एका पानावर बेड्यांतून सुटलेला कृष्णवर्णीय माणूस कॉफीच्या गोणीवर बसला आहे. पायाखाली मोडलेले जू, हातात शस्त्र, बाजूला ऊस. १७९४ साली फ्रान्सने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. १८०२ साली नेपोलियनने ती पुन्हा आणली. पत्त्यांत राजे-राण्याही परतल्या. ते पान मात्र संग्रहालयांत टिकले आहे.

आपल्याकडे पत्त्यांत फौज नव्हती असे नाही. अकबराच्या बारा रंगांच्या गंजिफ्याचे वर्णन 'आईन-ए-अकबरी'त आहे. त्यात घोडदळाचा अश्वपती, हत्तींचा गजपती, पायदळाचा नरपती, किल्ल्यांचा गडपती, आरमाराचा नवपतीही होता. प्रत्येक रंगाची बारा, अशी एकूण एकशे चव्वेचाळीस पाने. पुढे रूढ झालेल्या आठ रंगांच्या गंजिफ्यात एका रंगाचे नाव शमशेर आणि एकाचे चक्क गुलाम!

सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा याच कुळातला. पाने गोल, हाताने रंगवलेली. दहा अवतारांचे दहा रंग, एकूण एकशे वीस पाने. परशुरामाच्या पानांवर परशू. राजा आणि त्याखाली प्रधान, मग दहापासून एकपर्यंतची पाने. राणी नाही, गुलामही नाही. छापील स्वस्त पत्ते आले आणि ही कला जवळजवळ संपली. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात उरल्यासुरल्या चिताऱ्यांच्या मदतीने राजवाड्यातच ती पुन्हा उभी केली.

पण पाने वाचली तरी खेळ कुठे वाचला? गंजिफा घरात असतो तो बहुधा काचेआड. एकशे वीस पाने पिसून वाटणारे हात आता शोधावे लागतात. माझाही संग्रह कपाटातच होता. पाने हरवतील म्हणून मुलांना मी हात लावू देत नसे.

त्या दिवशी कपाट उघडले आणि फ्रेंच कॅट ओसरीवर आणून ठेवला. नातवाने चौकटचा हेक्टर शोधून काढला आणि जाहीर केले, "आजपासून याला गुलाम म्हणायचे नाही. हा शिपाई."

पुढच्याच हातात त्याने मोठ्या रुबाबात शिपाई उतरवला. त्याच्या आजीने शांतपणे त्यावर चौकटची राणी टाकली.

रात्री सवयीने पाने मोजली. एकावन्न भरली. बावन्नावे नातवाच्या उशाखाली सापडले. पहिल्यांदाच रोकड कमी भरूनही मी निवांत झोपलो.