हळकुंडाचा रंग आणि गंध

उन्हाळा आला की वर्षाची हळद भरायची गडबड घरोघरी सुरू होते. सांगलीची हळद म्हटले की आपण डोळे मिटून घेतो. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मैत्रिणींनो, हळदीचा गुण नुसता मातीतून येत नाही. काढणीनंतर तिच्यावर जे संस्कार होतात, त्यांवरही तो ठरतो.

शेतातून काढलेली ओली हळद कधी हुंगून पाहिलीत? उग्र, मातकट वास येतो. सांगली-साताऱ्याकडे ही हळद काढली, की आधी शिजवतात. पूर्वी मोठ्या काहिलीत शिजवीत, आता बरेच जण वाफेवर शिजवतात. शिजताना आतले पिष्ट फुगून चिकट होते, कच्चा वास जातो आणि रंग सगळीकडे सारखा पसरतो. काडी सहज आत शिरली, की झाले! जास्त शिजली तर रंग बिघडतो, कमी शिजली तर हळकुंड ठिसूळ होते.

मग दहा-पंधरा दिवसांचे कडक ऊन. ओल्या हळदीची वाळून साधारण पाचवा हिस्साच उरते. शेवटी ड्रममध्ये फिरवून साल घासतात, ते पॉलिश.

रंग असतो कुरक्युमिनचा, तर वास हळदीतल्या तेलाचा. त्यात टर्मेरोन हा मुख्य. हे तेल उडून जाणारे! शिजवताना थोडे जाते, गिरणीत पूड तापली की आणखी जाते. म्हणून दळताना पूड फार तापू देऊ नये आणि डब्यात भरण्याआधी पुरती गार करावी. कुरक्युमिनचे वैर उजेडाशी. तेव्हा काचेची बरणी खिडकीत ठेवू नका बरं का! ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. आपली फोडणीत हळद टाकायची रीत म्हणूनच शहाणपणाची. चुना लागताच हळद लाल होते, कुंकू होते ते याच गुणामुळे.

हळद टिकवण्याची कला पाहायची तर सांगलीजवळचे हरिपूर. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात जमिनीत खोल पेवे खणून हळद साठवीत. आत हवा नाही, त्यामुळे कीड नाही. पेव उघडल्यावर लगेच आत उतरले तर माणूसही गुदमरे! २००५ च्या महापुरात यातली बरीच पेवे निकामी झाली.

आता काळजीची गोष्ट. पॉलिश करताना हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट हा विषारी रंग चोळतात. बांगलादेशात असे होत असल्याचे २०१९ साली संशोधकांनी उघड केले. यातले शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूला बाधते. तेव्हा अवाजवी चकाकणाऱ्या हळकुंडांना भुलू नका. हळकुंड मोडून पाहा. आतून गडद केशरी-पिवळे हवे, नुसते वरून नव्हे. बोटाला भडक पिवळा रंग लागला, तर ते परत करा. पुडीची चाचणीही सोपी आहे. पेलाभर पाण्यात चमचाभर पूड टाकून न ढवळता ठेवा. चांगली पूड तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळे राहते; पाणी गडद पिवळे झाले तर संशय घ्या.

शक्य असेल तर हळकुंडे आणून, निवडून, समोर दळून घ्या. वर्षभराची हळद एकदम न दळता तीन-चार महिन्यांची दळली, तर डबा उघडताच वासावरूनच फरक कळेल.