मृत्युपत्र केलंय? छान! पण शेवटचं उघडून कधी पाहिलं?

दुकानाचा स्टॉक आपण महिन्याला मोजतो, जीएसटी रिटर्न वेळेवर भरतो. पण एक कागद कपाटात गेला की वर्षानुवर्षं बाहेर येत नाही, तो म्हणजे मृत्युपत्र. "एकदा केलं, संपलं" असं नसतं. धंदा बदलतो तसा हा कागदही बदलावा लागतो.

समजा, एकाने २०१६ मध्ये मृत्युपत्र केलं: राहतं घर बायकोला. तेव्हा मसाल्याचा धंदा भाड्याच्या जागेत होता. पुढे त्याने स्वतःच्या नावावर गाळा घेतला. मृत्युपत्रात गाळा नाही आणि "उरलेली सर्व मालमत्ता अमुक व्यक्तीला" असं वाक्यही नाही. उद्या तो गेला तर गाळा कोणाचा? हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे बायको, दोन मुलं आणि हयात असलेली आई, चौघांना समान वाटा. रोज मशीन चालवणाऱ्या बायकोकडे फक्त एक चतुर्थांश! गाळा विकायचा किंवा गहाण ठेवायचा तर सगळ्यांच्या सह्या. भांडण नसलं तरी धंदा अडकतो.

मग कागद कधी उघडायचा?

१. घरात बदल झाला की. लग्न, घटस्फोट, मूल, कोणाचा मृत्यू. हिंदू व्यक्तीचं मृत्युपत्र लग्नाने आपोआप रद्द होत नाही, ख्रिश्चन आणि पारशी व्यक्तीचं होतं. म्हणजे गृहीत काहीच धरू नका.

२. मालमत्ता बदलली की. गाळा घेतला, प्लॉट विकला, मोठी मशीन आली.

३. कर्ज घेतलं की. आधी देणी फिटतात, मग वाटणी होते. प्रोप्रायटरशिपमध्ये धंद्याचं कर्ज हे तुमचंच कर्ज असतं.

४. धंद्याचं स्वरूप बदललं की. भागीदारीत आलात तर करार वाचा. त्यात वेगळं लिहिलेलं नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. प्रोप्रायटरशिपचा जीएसटी नंबर तुमच्या पॅनशी जोडलेला असतो. धंदा पुढे चालवणाऱ्या वारसाला नवी नोंदणी घ्यावी लागते. जुनं इनपुट क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्म भरून वर्ग करता येतं, पण ही माहिती घरात कोणाला तरी हवी ना?

५. एक्झिक्युटर किंवा साक्षीदार राहिले नाहीत, परदेशी गेले, संबंध बिघडले की.

यातलं काहीच झालं नाही, तरी दर दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी एकदा वाचून काढा.

आता नॉमिनीचं. "नॉमिनी आहे, मग मृत्युपत्र कशाला?" हा प्रश्न नेहमी येतो. नॉमिनीला पैसे मिळतात, पण साधारणपणे तो मालक होत नाही, वारसांच्या वतीने ते सांभाळतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. लग्नाआधी उघडलेल्या करंट खात्याला अजून मोठा भाऊच नॉमिनी असेल, तर आधी ते बदला.

दुरुस्ती कशी करायची? जुन्या कागदावर पेनाने खाडाखोड मुळीच नको. सही आणि साक्षीदार नसलेला असा बदल चालत नाही. छोटा बदल असेल तर पुरवणी मृत्युपत्र करा. मोठा असेल तर नवीनच करा आणि त्यात "याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द" असं स्पष्ट लिहा. साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. मालमत्ता जास्त किंवा वाद असेल तर वकिलाला दाखवा.

आजचं काम एकच: कागद काढा, तारीख बघा. त्या तारखेनंतर काय काय बदललं ते वहीच्या मागच्या पानावर लिहा. यादी तीन ओळींची झाली तरी समजा, वेळ आली आहे. धंदा तुम्ही घरच्यांसाठी उभा करताय, तो त्यांच्या हातात नीट पोचू द्या.