दोरीनें बांधलेली पेटी

महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेंतील ज्या सज्जनांनीं काळ्या लोकांस दास्यांतून मुक्त केलें त्यांस अर्पण केला, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. तें दास्य १८६५ सालीं कायद्यानें बंद झालें. परंतु त्यापुढें काय घडलें, हें पुष्कळांच्या कानांवर आलेलें नसतें. दक्षिणेकडील संस्थानांनीं हळूहळू नवे कायदे केले. आगगाडीचे डबे, शाळा, खाणावळी, पाणी पिण्याचे नळ, हीं सर्व गोऱ्यांचीं निराळीं व काळ्यांचीं निराळीं झालीं. सोयी समान असल्यास त्या वेगळ्या ठेवण्यास हरकत नाहीं, असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयानें १८९६ सालीं दिला. सोयी वेगळ्या राहिल्या. समान मात्र झाल्या नाहींत. ह्या व्यवस्थेंत वाढलेल्या हॉवर्ड थर्मन यांनीं सांगितलेल्या कांहीं आठवणी आम्ही येथें देत आहों.

थर्मन यांचा जन्म १८९९ सालीं झाला व बालपण फ्लोरिडा संस्थानांतील डेटोना गांवीं गेलें. सातव्या वर्षीं वडील वारले. आई दुसऱ्यांच्या घरीं राबे. म्हणून मुलांचा सांभाळ आजीनें केला. ही आजी गुलामगिरींत जन्मलेली व निरक्षर. तिच्या मळ्यावर एक गुलाम उपदेशक येई आणि प्रवचनाच्या शेवटीं श्रोत्यांस बजावी कीं, तुम्ही गुलाम नाहीं, देवाचीं लेकरें आहां. ही गोष्ट नातवंडांस सांगतां सांगतां म्हातारी ताठ बसे.

ह्या शिकवणीची गरज लवकरच पडली. लहानगा हॉवर्ड एका गोऱ्या गृहस्थाच्या अंगणांतील पाचोळा गोळा करी. त्या घरची चिमुरडी मुलगी तो ढीग पुनः पुनः विसकटी. वडिलांस सांगेन, असें म्हणतांच तिनें रागानें त्याच्या हातास टांचणी टोंचली. तो कळवळला, तेव्हां ती आश्चर्यानें म्हणाली कीं, तुला कुठें दुखतें! मुलगी दुष्ट नव्हती. काळ्या माणसास वेदना नसते, हें ती कोणीं न शिकवितां शिकली होती. आमच्या मतें वर्णभेदाचें खरें रूप नळांवरील पाट्यांपेक्षां ह्या टांचणींत अधिक स्पष्ट दिसतें.

गांवांत काळ्या मुलांची शाळा सातवीपर्यंतच होती. मुख्याध्यापकांनीं हॉवर्डला आठवीचा अभ्यास स्वतः शिकविला व तो उत्तीर्ण झाला. पण पुढें हायस्कूल नव्हतें. म्हणून त्यानें जॅक्सनव्हिल येथील बॅप्टिस्ट मंडळीच्या शाळेंत जाण्याचें ठरविलें. जुन्या पेटीस ना कुलूप, ना कडी. ती दोरीनें बांधून तो स्टेशनावर गेला. तिकीट काढल्यावर बाबूनें सांगितलें कीं, सामानाची चिठ्ठी पेटीच्या कडीसच बांधावी लागते, दोरीस नव्हे; पेटी निराळें भाडें भरून पाठवावी लागेल. तेवढे पैसे मुलापाशीं नव्हते. तो पायऱ्यांवर बसून रडूं लागला. इतक्यांत कामकऱ्याच्या वेषांतील एक काळा मनुष्य समोर उभा राहिला. त्यानें विचारपूस केली, भाडें भरलें, पावती मुलाच्या हातीं दिली आणि तो रुळांच्या कडेनें निघून गेला. पुनः तो कधीं दिसला नाहीं.

पुढें थर्मन धर्मोपदेशक व प्राध्यापक झाले. १९३५-३६ सालीं काळ्या अमेरिकन ख्रिस्ती लोकांचें शिष्टमंडळ घेऊन ते हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन येथें आले. बारडोलीस त्यांनीं महात्मा गांधींची भेट घेतली. सिलोनांत एका विद्वान गृहस्थानें त्यांस विचारलें कीं, तुम्हांस गुलाम करणारे ख्रिस्ती, दूर बसविणारेही ख्रिस्ती. मग तुम्ही ख्रिस्ती कसे? हा प्रश्न आम्हां ख्रिस्ती शिक्षकांसही टाळतां येण्याजोगा नाहीं. थर्मन यांनीं १९४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्याचें उत्तर दिलें. येशू स्वतः रोमी सत्तेखालीं दडपलेल्या समाजांतील एक गरीब यहूदी होता. त्याचा उपदेश जगानें कोपऱ्यांत रेटलेल्यांसाठीं आहे, रेटणारांच्या सोयीसाठीं नव्हे, असा त्याचा आशय आहे.

एकदां डेटोनास आले असतां त्यांच्या दोन लहान मुलींनीं गोऱ्या मुलांच्या शाळेंतील झोपाळ्यांवर बसण्याचा हट्ट धरिला. बापानें नाहीं म्हणून सांगितलें. पण घरीं नेऊन समजाविलें कीं, दोन चिमुकल्या काळ्या मुलींस झोपाळ्यापासून दूर ठेवण्यास विधिमंडळ, न्यायालयें व पोलीस एवढा खटाटोप लागतो. यावरून तुमचें मोल किती मोठें आहे तें ओळखा. आजीचा धडा तिसऱ्या पिढीस पोंचला.

शाळांतील हा भेद १९५४ सालीं न्यायालयानें अवैध ठरविला व खाणावळी, उतारगृहें इत्यादि ठिकाणचा १९६४ च्या कायद्यानें बंद झाला. थर्मन १९८१ सालीं निवर्तले. त्यापूर्वीं दोन वर्षें, १९७९ सालीं, त्यांचें आत्मचरित्र निघालें. तोंपर्यंत अनेक नामांकित पुरुषांशीं त्यांचा स्नेह जडला होता. परंतु ग्रंथ अर्पण केला तो डेटोना स्टेशनावरील त्या अनोळखी मनुष्यास. विद्यार्थीमित्रहो, त्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं. एका रडणाऱ्या मुलास पाहून तो थांबला, एवढेंच आम्हांस कळलें आहे.