बॉस्टनचा टॅसिटस आणि मुंबईचे खिळे

इ. स. 1817 साली अमेरिकेतील बॉस्टन शहरी वेल्स आणि लिली यांनी टॅसिटस या रोमन इतिहासकाराचे ग्रंथ मूळ लॅटिनमध्ये तीन भागांत छापले. त्याआधी तिकडच्या विद्यार्थ्यांस असे ग्रंथ बहुधा विलायतेहून मागवावे लागत. वैतरणेच्या मुखाशी, दातिवऱ्यास बसून या जुन्या पुस्तकाशी आपले काय देणे-घेणे, असे श्रोते विचारतील. थोडे आहे. ज्या अमेरिकन मिशनची कचेरी बॉस्टनमध्ये होती, त्याच मिशनच्या मुंबईतील छापखान्याने त्याच साली आपली पहिली मराठी पुस्तिका काढली. पाने अवघी आठ!

आम्हांस लॅटिन येत नाही. टॅसिटस आम्ही इंग्रजीतून, कोशाच्या आधाराने वाचला. आणि एका प्रसंगापाशी अडलो. इ. स. 61 मध्ये रोमच्या नगराधिपतीचा, पेडेनियस सेकंडसचा, त्याच्याच एका गुलामाने खून केला. जुना दंडक असा की, त्या छपराखालच्या सर्व गुलामांस देहान्त द्यावा. ते होते 400. त्यांत बायका होत्या, मुले होती. सामान्य लोक रस्त्यावर आले, दगड आणि पलिते घेऊन आले. सिनेटमध्ये गायस कॅसियस नावाच्या कायदेपंडिताने ठासून सांगितले की, धाकावाचून हे लोक आवरायचे नाहीत. मग नीरोने वाटेच्या दुतर्फा शिपाई उभे केले आणि 400 जणांस मारण्यास नेले. कॅसियसचे भाषण टॅसिटसने सविस्तर दिले आहे. त्या 400 पैकी एकाचेही नाव नाही. कामगारांच्या सभांतून उभा आयुष्य काढलेल्या माणसास हे खुपल्याशिवाय राहात नाही. बॉस्टनला हे पान छापले गेले तेव्हा अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरी चालूच होती. ती 1865 पर्यंत चालली.

आता पान कसे उभे राही ते पाहू. जुळारी एकेक शिशाचा खिळा उचलून ओळ उलटी लावी. लॅटिनला अक्षरे थोडी. देवनागरीला मात्र काना-मात्रा, उकार, जोडाक्षरे. म्हणून खाने कितीतरी पट, आणि जुळाऱ्याचे पाठ-डोळे त्याच मानाने जात. मुंबईच्या त्या अमेरिकन छापखान्यात थॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरीचे सुबक खिळे घडविले. तेथेच जावजी दादाजी हा 1839 साली जन्मलेला मुलगा दहाव्या वर्षी खिळे घासण्यास लागला. पगार दरमहा दोन रुपये. (दहा वर्षांचे पोर शिशाची भुकटी नाकात घेत बसे, हेही चरित्रकारांनी लिहावयास हवे होते.) पुढे 1864 मध्ये त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला, 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना. ठसे कोरण्यात त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू यांचा हात होता.

असे एखादे जुने पुस्तक कोणाच्या माळ्यावर सापडले, तर पान उजेडासमोर तिरपे धरून मागल्या बाजूने बोट फिरवावे. खिळ्याचा दाब अजून हाताला लागतो.