शेवटच्या बाकावरून

सेमिनारच्या दिवशी मी टेबलामागची खुर्ची सोडते आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसते. समोर बसलं की मुलं वर्गाशी बोलतच नाहीत. वाक्यागणिक माझ्या चेहऱ्याकडे बघतात. एवढं लक्षात यायला मला पाच-सहा वर्षं लागली.

भूगोलाच्या तिसऱ्या वर्षाला एका मुलीने १९७२चा दुष्काळ घेतला होता. तेवीस स्लाइड, सगळ्या नेटवरून उचललेल्या. पडद्याकडे तोंड, वर्गाकडे पाठ, आणि ‘पर्जन्यछाया’, ‘अवर्षणप्रवण क्षेत्र’ असं सगळं एका दमात. माझ्या पुढचे दोघं वहीत फुली-गोळा खेळत होते. नवव्या स्लाइडला वीज गेली.

“राहू दे, उद्या कर,” हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. वर्गातली शांतता आम्हा शिक्षकांना सोसत नाही, लगेच आम्ही बोलायला लागतो. मग फुली-गोळ्यातल्या एकानेच विचारलं, “पण तेव्हा धान्यच नव्हतं, की घ्यायला पैसे नव्हते?”

याची स्लाइड तिच्याकडे नव्हती. ती थांबली. मग म्हणाली, “माझी आजी खडी फोडायला जायची. तिथे सुकडी मिळायची.” खडू घेऊन तिने फळ्यावर पाऊस, शेत, मजुरी, बाजार असे शब्द लिहिले, त्यांना बाणांनी जोडलं आणि मजुरीवर काट मारली. “धान्य कमी होतंच. पण शेतात काम नाही, म्हणजे हातात पैसाही नाही.” कुणी मिलो ज्वारीचं नाव काढलं, कुणी म्हणालं आमच्याकडचा पाझर तलाव त्याच वेळचा. तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला : रोजगार हमीचा कायदा १९७७चा, मग ७२ला खडी कुठल्या योजनेत फोडली?

उत्तर मला ठाऊक होतं. दिलं नाही. तीन दिवसांनी तीच ते घेऊन आली : योजना आधी, कायदा मागाहून, आणि त्याही आधी १९६५मध्ये वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केलेला प्रयोग.

साठ जणांच्या वर्गात हे दर वेळी जमत नाही. अभ्यासक्रम मागे पडतो, निम्मी सादरीकरणं कंटाळवाणीच होतात. आता पाचच्या वर स्लाइड मी चालू देत नाही. इंटर्नलच्या तक्त्यात ‘मांडणी’, ‘आत्मविश्वास’ असे रकाने आहेत. प्रश्न विचारणाऱ्यासाठी एकही नाही. तो मी समासात पेनने आखून घेतलाय. त्यातलं पहिलं नाव फुली-गोळ्यावाल्याचं.