सामान्य ज्ञान आपल्या दारात

स्पर्धा परीक्षांसाठी आपली मुले जगभरच्या राजधान्या पाठ करतात. पण न्हावा शेव्यासमोरच्या घारापुरी बेटाविषयी विचारले तर गप्प बसतात. पोर्तुगीजांनी तेथील दगडी हत्तीवरून बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिले. तो हत्ती आज भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. येथील शैव लेण्यांना १९८७ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. पूर्वेकडील टेकडीवर विटांचा प्राचीन बौद्ध स्तूप आहे. लेणी पाहून परतणाऱ्यांची पावले तिकडे क्वचितच वळतात. २०१८ साली समुद्राखालून केबल टाकून बेटावर वीज आली. भाषा, धर्म, भूगोल, विज्ञान सारे एकाच बेटावर! पालकांनी मुलांना एकदा तरी या स्तूपापाशी अवश्य न्यावे.